पिल्लू हातात, डॉक्टर घाटापलीकडे: सापडलेलं मांजराचं पिल्लू कसं सांभाळावं

राजापूर, लांजा, वैभववाडी अशा तालुक्यांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण त्याची सगळी घडी गाई, म्हशी आणि शेळ्यांभोवती बसलेली असते. डॉक्टर सकाळचे दोन तास भेटले तर भेटले, नंतर ते कुणाच्या तरी गोठ्यात अडलेल्या गाईपाशी. मांजरांचं रोज काम करणारा डॉक्टर गाठायचा तर रत्नागिरी, नाहीतर अणुस्कुरा किंवा करूळ घाट चढून कोल्हापूर. आषाढात दरड कोसळली की तेही राहिलं. आणि नेमकी पावसाळ्यातच पिल्लं सापडतात: गवताच्या उडवीत, मांगराच्या माळ्यावर, एसटी स्टँडच्या गटाराशी.

ज्यांच्या हातात असं पिल्लू पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक पिल्लं औषध न मिळाल्यामुळे दगावत नाहीत. ती दगावतात क्रम चुकल्यामुळे. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजलं जातं, ऊब नंतर सुचते. आधी ऊब, मग पाणी, मग दूध, एवढा क्रम पाळलात तर पहिली रात्र निघते. ती निघाली की डॉक्टरपर्यंत पोहोचायला सवड मिळते.

उचलायचं की नाही

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. आकडा सोडा, पण गोष्ट खरी आहे. ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलत असते आणि मधल्या वेळात एखादं एकटंच दिसतं. त्यामुळे पिल्लू दिसलं की लगेच खिशात घालू नका. अंग उबदार असेल, पोट गोल असेल, गप्प झोपलं असेल, तर आई जवळपासच आहे. लांब, तिला दिसणार नाही अशा जागी थांबा आणि चार-पाच तास अधूनमधून नजर ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो. पाऊस येत असेल तर पिल्लू हात-दोन हात बाजूला, कोरड्यात सरकवलंत तरी ती शोधून नेते.

लगेच उचलायचं ते असं: अंग गार आहे, सतत ओरडतंय किंवा ओरडायचंही थांबलंय, मुंग्या लागल्यात, जखमेत अळ्या दिसतायत, आई गाडीखाली गेलेली डोळ्यांनी पाहिलीय. बोका आसपास घुटमळत असेल तरी उचला, तो पिल्लं मारतो. कावळे आणि मुंगूस हेही त्याच रांगेत.

उचलताना टॉवेल वापरा. महिन्याच्या वरचं पिल्लू घाबरलं की कडकडून चावतं. चावलंच किंवा ओरखडून रक्त आलं, तर पिल्लाचं राहू द्या, आधी स्वतःचं पाहा. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. कातडीत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात, आणि रक्त आलेल्या जखमेसाठी सोबत जखमेतच वेगळं इंजेक्शन लागतं, ते लागेल का हे तिथे तोंडाने विचारा. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ म्हणून घरचे लोक हसतील. हसू द्या. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही.

पहिला तास: ऊब

पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घाला. आतून गार लागलं तर पिल्लू थंड पडलंय. अशा वेळी त्याचं आतडं काम करायचं थांबलेलं असतं. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, किंवा उलट येऊन फुप्फुसात जातं. म्हणून पिल्लू गार असताना दुधाचा थेंबही नको. घरातली आजी कितीही कळवळली तरी नको.

भिजलेलं असेल तर आधी कोरडं करा. मग स्वतःच्या बनियनच्या आत, छातीला लावून धरा. यापेक्षा चांगलं यंत्र गावात मिळणार नाही. सोबत एक खोका तयार करा. आंब्याची पुठ्ठ्याची पेटी उत्तम, तिला भोकं आधीच असतात. तळाशी वर्तमानपत्र, वर जुन्या साडीच्या घड्या. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, हाताला सोसवेल इतकंच, आणि ती मोज्यात किंवा फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू गार राहिली पाहिजे, म्हणजे जास्त झालं की पिल्लू सरकू शकतं. वीज असेल तर ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब उंचावर टांगता येतो, कोंबडीची पिल्लं वाढवणाऱ्यांना ही सोय माहीतच आहे. पण वीज रात्री जाणार हे धरूनच चाला. बाटल्या दोन ठेवा, दर दोन-तीन तासांनी पाणी बदला.

घाई करायची नाही. चुलीच्या तोंडाशी धरणं, हेअर ड्रायर अंगावर मारणं, कढत पाण्यात बुडवणं हे सगळं वाईट. तासा-दोन तासांत हळूहळू अंग तापू द्या. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू ३० अंशांच्या आसपासच्या हवेत खूश असतं, आणि आपल्याला जूनमध्ये उकडतंय म्हणून त्यालाही उकडत असेल असं नाही. त्याला स्वतःची ऊब टिकवता येतच नाही.

पिल्लू अगदी लुळं असेल तर गरम करत असतानाच साखरेच्या कोमट पाकाचं बोट हिरड्यांवरून फिरवा. एक-दोन थेंबच, गिळवायचं नाही, फक्त चोळायचं. साखर उतरल्यामुळे मान टाकलेलं पिल्लू यावर हालचाल करायला लागतं.

मग पाणी, मग दूध

अंग उबदार झालं, तोंड हलवायला लागलं, की ओआरएस. मेडिकलमध्ये मिळणारं डब्ल्यूएचओ सूत्राचं पाकीट घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. फळांच्या चवीची गोड तयार पेयं नकोत. बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने हे पाणी कोमट करून थेंब थेंब ओठांच्या कडेला सोडा. एक-दोन वेळा एवढंच द्या. पिल्लू चाटायला लागलं की दुधाकडे वळा.

इथे सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि सगळ्यात जास्त पिल्लं इथेच बिघडतात. गाईचं नुसतं दूध पिल्लाला पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त असतात आणि चरबीही बरीच. उलट दुधातली साखर (लॅक्टोज) गाईच्या दुधात जास्त, ती पचत नाही आणि जुलाब होतात. शेळीचं दूध चालतं असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्यातली साखरही जवळपास तितकीच असते. म्हशीच्या दुधात चरबी भरपूर, पण साखरेचा प्रश्न तोच. पाणी घालून पातळ केलेलं दूध तर सर्वांत वाईट, त्यात पोषण आणखी कमी.

योग्य वस्तू म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर. ती ऑनलाइन मागवता येते, पण आडगावात कुरिअर यायला चार दिवस लागतात. तेवढ्या दिवसांसाठी घरचं मिश्रण असं: १२० मिली न फाटलेलं, सायीसकट गाईचं दूध, १२० मिली उकळून कोमट केलेलं पाणी, दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि एक छोटा चमचा खाद्यतेल. पांढरं घालायचं नाही. नीट फेटून गाळणीतून गाळा, नाहीतर सिरिंज तुंबते. तालुक्याच्या दुकानात लॅक्टोज-मुक्त दुधाचं पाकीट मिळालं तर साध्या दुधाऐवजी तेच वापरा, जुलाबाचा त्रास कमी होतो. अंडी ताजी हवीत. मिश्रण फ्रीजमध्ये ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या. इथे दूध पातळ केल्यासारखं दिसतं खरं, पण बलक आणि तेलाने ती कमतरता भरून निघते. ही तात्पुरती सोय आहे, महिनाभर यावर काढू नका.

पाजायची पद्धत दुधाइतकीच महत्त्वाची. तान्ह्या बाळासारखं पाठीवर झोपवून कधीही पाजू नका, दूध श्वासनलिकेत जातं. पिल्लू पोटावर, पाय खाली, मान किंचित वर, म्हणजे आईला पिताना असतं तसं. सिरिंजचा दट्ट्या दाबायचा नाही, थेंब जिभेवर येऊ द्या, त्याने गिळलं की पुढचा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, पिल्लाचं डोकं खाली करून पुसून घ्या, आणि पुढचे दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवा. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठीवर हळू थोपटा.

प्रमाण वजनावर ठरतं. दर १०० ग्रॅमला दिवसभरात साधारण २० मिली, आणि एका वेळी दर १०० ग्रॅमला ४ मिलीच्या वर नाही. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ४० मिली, एका वेळी ८ मिली, पाच-सहा वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच-सहा तासांवर नेलं तरी चालतं. जास्त पाजल्याने पिल्लू लवकर वाढत नाही, त्याला फक्त जुलाब होतात.

तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःहून शी-शू करू शकत नाही, हे नवख्यांना माहीतच नसतं. आई चाटून करवते. तुम्ही कोमट पाण्यात बुडवलेला कापूस शेपटीखाली हळूहळू फिरवायचा, दर वेळी पाजण्याच्या आधी आणि नंतर. शू दर वेळी व्हायला हवी. शी दिवसातून एकदा झाली तरी पुरे. पुसून कोरडं करा, नाहीतर कातडी सोलते.

वय किती, वजन किती

डोळे मिटलेले असतील तर आठवडा-दीड आठवड्याच्या आतलं. डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. कान ताठ उभे राहतात आणि पुढचे बारीक दात टोचायला लागतात ते तिसऱ्या आठवड्यात, त्यामागोमाग सुळे. दाढा दिसत असतील तर महिन्याच्या वर गेलंय. डोळ्यांचा निळा रंग जाऊन हिरवट-पिवळा यायला लागला की सहा-सात आठवडे झाले समजा.

वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, तीन-चारशे रुपयांत येतो. या सगळ्या खटाटोपात पैसे खर्च करायची एकच वस्तू निवडायची झाली तर मी हा काटा निवडेन. तो नसेल तर किराणा दुकानातला काटा, रोज त्याच वेळेला. जन्मतः पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. महिन्याला ४०० ते ४५०, दोन महिन्यांना ८०० ते ९००. कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा. पिल्लू खेळतंय, खातंय, सगळं ठीक वाटतंय, आणि वजन मात्र दोन दिवस हललेलं नाही, तर काहीतरी बिघडलंय. हे तुम्हाला डोळ्यांनी कळायच्या आधी काटा सांगतो.

पिसवा, जंत, डोळे, अळ्या

पिसवा म्हणजे नुसती खाज, असं समजू नका. एवढ्याशा जिवाचं रक्त त्या पिऊन टाकतात. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या फटक असतील तर रक्त कमी झालंय, आणि तेव्हा डॉक्टर गाठायचाच. पिसवा काढायला घरातली उवांची बारीक फणी सगळ्यात भरवशाची. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा, फणीत अडकलेली पिसू त्यात बुडवा. मान, कानामागे, शेपटीचं बूड, या जागा आधी. महिन्याच्या वरचं आणि तरतरीत पिल्लू असेल तर कोमट पाण्याने, सौम्य साबणाने भरभर आंघोळ घालून लगेच टॉवेलने कोरडं करता येईल. त्याहून लहान असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसायचं आणि फणी.

जंत जवळपास प्रत्येक भटक्या पिल्लात असतात. पोट ढमाल्यासारखं, अंग काटकुळं, ही खूण. पायरँटेल हे औषध दोन आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना सुरक्षित मानतात आणि दर दोन आठवड्यांनी परत देतात. मात्र डोस ग्रॅममधल्या वजनावर काढावा लागतो, त्यामुळे तो फोनवर का होईना, डॉक्टरकडूनच घ्या. मोठ्या जनावरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचून घेऊ नका, कुणी कितीही अनुभवी असलं तरी.

डोळे पूने चिकटलेले असतील तर मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची १०० मिलीची बाटली आणा. कोमट सलाइनमध्ये भिजवलेला कापूस डोळ्यावर मिनिटभर धरा, पापण्या मऊ झाल्या की नाकाकडून कानाकडे पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. दिवसातून चार वेळा. ओढून उघडायचं नाही. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब वापरायच्या आधी लेबल वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही दिसलं तर ते ठेवून द्या. बुबुळावर जखम असली तर त्या थेंबांनी डोळा जाऊ शकतो.

जखमेत अळ्या पडणं हा पावसाळ्यातला ठरलेला प्रकार. गुरांसाठी लोक टर्पेंटाइन ओततात. पिल्लावर ते विष आहे, आणि रॉकेलही. भोवतालचे केस कापा, सलाइनने जखम भरपूर धुवा, चिमट्याने एकेक अळी काढा. लपलेल्या अळ्या काही तासांनी वर येतात, म्हणून परत बघा. हे किळसवाणं काम आहे आणि त्याला दुसरा मार्ग नाही. जखम खोल असेल तर प्रतिजैविक लागतंच.

हे कपाट बंद ठेवा

पॅरासिटामॉल मांजराला मारतं. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल, नाव कोणतंही असो. माणसाचं यकृत जे पचवून बाहेर टाकतं, ते मांजराच्या यकृताला जमत नाही, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. लहान मुलांचं सिरप आहे, थोडंसं देऊ, असं म्हणून दिलेला अर्धा चमचा पिल्लाला पुरेसा असतो. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिनही त्याच कपाटात.

गोठ्यातली गोचिडांची औषधंही नकोत. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही नावं बाटलीवर असतील तर ती पिल्लाच्या जवळ आणू नका. कुत्र्याच्या मानेवर घालायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणतं. खोक्याची जागा फिनेलने पुसू नका, डेटॉलच्या पाण्यात पिल्लू धुऊ नका. साबण आणि गरम पाणी पुरतं. डांबरगोळ्या, कापूर, कडुनिंबाचं तेल, निलगिरीचं तेल यांपैकी काहीही ‘नैसर्गिक’ म्हणून अंगाला चोळायचं नाही. मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगावरचं सगळं पोटात जातं.

खाणं

चार आठवड्यांनी, दात आले की दुधात कुस्करलेलं उकडलेलं चिकन किंवा कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेलं पिल्लांचं तयार खाणं बशीत ठेवा. पहिले दोन दिवस त्यात पाय बुडवेल, नाक बुडवेल, शिंकेल. खायला आपोआप लागतं.

दूध-पोळी किंवा दूध-भातावर वाढलेली मांजरं प्रत्येक गावात दिसतात, हे खरं. ती उंदीर, पाली, टोळ मारून आपली भर घालत असतात. खोक्यात ठेवलेल्या पिल्लाला ती सोय नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की नजर जाते आणि हृदय कमकुवत होतं. दुसऱ्या टोकाची चूक अशी की लाडाने फक्त उकडलेलं बिनहाडाचं चिकन देत राहायचं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि दोन-तीन महिन्यांत पिल्लाचे पाय वाकतात, उडी मारली तरी हाड मोडतं. म्हणून रोजच्या खाण्यात निम्म्याहून जास्त पिल्लांचं तयार खाणं ठेवा. बाकी चिकन, अंडं, मासळी. घरात अंडंही चालत नसेल तर संपूर्ण पाकिटावर ठेवा. शाकाहारी मांजर होत नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मासळी किनाऱ्यावर स्वस्त, त्यामुळे तिचा मोह होतो. शिजवून, काटे काढून, आठवड्यातून दोन-तीनदा द्या. रोज फक्त तारली किंवा बांगडा दिला तर त्या तेलकट मासळीने अंगातली चरबी सुजते, पिल्लाला हात लावलेलाही सोसत नाही. सुकट आणि सुका बोंबील खारट असतात, नकोच. कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचा रस त्यात उतरलेला असतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

शी-शूसाठी उथळ घमेल्यात वाळू, कोरडी माती किंवा भाताचं तूस. पाण्याने गोळा होणारी विकतची वाळू लहान पिल्लाला नको, ती खातं. घमेलं रोज साफ करा, आणि घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला अपाय करू शकणारा परजीवी संसर्गक्षम व्हायला दिवसभर तरी लागतो, त्यामुळे रोजची सफाई हेच संरक्षण. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

दवाखान्यात जाताना

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मांजर पाहत नाहीत असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ‘साहेब, हे काहीतरी करतंय’ म्हणत गेलेल्याला कुठेच उत्तर मिळत नाही. चिठ्ठी घेऊन जा: अंदाजे वय, आजचं वजन ग्रॅममध्ये, आठवड्याभराची वजनं, काय खाल्लं, शी कशी, कधीपासून बिघडलं. श्वासाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही न्या, दवाखान्यात पोहोचेपर्यंत पिल्लू घाबरून वेगळंच वागतं. आणि स्वतःच्या १ मिलीच्या सिरिंजा न्या. तिथली औषधं तीनशे किलोच्या जनावरासाठी तीव्र केलेली असतात. पाव किलोच्या जिवासाठी त्याचा एक थेंबही जास्त होतो. ‘याचं लहान मुलांचं सिरप मिळेल का?’ एवढं विचारलंत की डॉक्टर बहुधा तेच लिहून देतात.

दवाखाना तुमच्या गावात नसेल तर १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल-फ्री क्रमांक आहे. फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी, पण जवळचा डॉक्टर कोण, कधी भेटेल, हे तिथून कळतं. देशावरच्या वाचकांना आणखी एक वाट आहे: शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत उपचार होतात, आणि मुंबईत परळला. तिथे रांग असते, पण लहान प्राणी पाहण्याची सवय असते.

घाट चढायचाच, कितीही वाजले असोत, ते या गोष्टींसाठी: तोंड उघडं टाकून श्वास, पांढऱ्या हिरड्या, झटके, रक्ताची शी, दिवसभर शू नाही, पॅरासिटामॉल पोटात गेलंय. तान्ह्याने अर्धा दिवस दूध घेतलं नाही तर तेही. उलट्या, ताप आणि अचानक खाणं बंद, हा पॅनल्युकोपेनिया हा विषाणूमुळे होणारा मांजरांचा रोग असू शकतो. तो पिल्लांमध्ये फार मारक आहे आणि वेगाने पसरतो. घरात दुसरं मांजर असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीतच ठेवा, भांडी वेगळी, हात धुऊन. हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलने तो जात नाही, ब्लीचच्या पाण्याने जातो: एक भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवायचं.

आणि सगळं नीट करूनही पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली काही पिल्लं जातात. आईच्या पहिल्या दुधातून मिळणारी प्रतिकारशक्ती आपल्याकडे बाटलीत नसते.

दोन महिन्यांनंतर

आठ आठवड्यांना तिहेरी लसीचा (मांजरांच्या तीन विषाणूजन्य रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, आणि तीन महिन्यांना रेबीजची. रेबीजची लस कुत्र्यांमुळे तालुक्यात मिळून जाते. तिहेरी लस मात्र मागवावी लागते, आणि ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, त्यामुळे पिशवीत घालून एसटीने आणू नका. रत्नागिरी-कोल्हापूरच्या डॉक्टरांना आधी फोन करून तारीख ठरवा. गावात आणखी दोन-तीन घरी पिल्लं असतील तर एकाच गाडीने सगळी न्या, किंवा डॉक्टरांनाच एका दिवसासाठी बोलवा. खर्च वाटला जातो, आणि एकट्या मांजरासाठी न येणारे डॉक्टर पाच मांजरांसाठी येतात.

त्याच फोनवर नसबंदीचंही विचारून ठेवा. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, कधी चौथ्या महिन्यातही, आणि गाभण राहिली की नऊ आठवड्यांत विते. तालुक्यात ही शस्त्रक्रिया करणारे हात थोडे असल्याने तारीख दोन-दोन महिने पुढची मिळते. तेव्हा लसीच्या दुसऱ्या डोसालाच नाव नोंदवा. बोक्याची शस्त्रक्रिया सोपी आणि स्वस्त, ती पुढे ढकलली जाते. ढकलू नका. शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी किती वेळ ठेवायचं हे त्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, कारण लहान वयाच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरते.